थोरलीचं चाळीस लिटर तेल

१

जेवणाची सुट्टी संपल्याचा दीडचा भोंगा वाजला, आणि हात पुसत परत आलेली माणसं प्रेसशॉपच्या दारातच खिळून उभी राहिली. थोरलीचं डोकं खाली आलं होतं.

थोरली म्हणजे कारखान्यातली सगळ्यात मोठी हायड्रॉलिक प्रेस. दोन मजले उंच. पोलादी पत्रा एका दमात वाकवून त्याचं मोटारीचं दार करणारी. तिच्या चार खांबांमध्ये चाळीस टनांचा एक ठोकळा वरखाली होतो, त्याला सगळे डोकं म्हणत. हे डोकं ना साखळीला टांगलेलं, ना दोराला. ते वर राहतं ते नुसत्या तेलावर, सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलावर! हजेरीमास्तर बावीस वर्षं हे ऐकत आले होते आणि बावीस वर्षांत त्यांचा त्यावर एकदाही धड विश्वास बसला नव्हता. चमच्यातून सांडतं ते तेल, आणि ते म्हणे चाळीस टन उचलून धरतं!

सगळे जेवायला गेले तेव्हा डोकं वर होतं. पंप बंद होता, चावी ऑपरेटरच्या खिशात होती. आणि आता ते डोकं साच्यावर गुपचूप टेकलं होतं. फटीतून पत्र्याच्या एका स्टुलाचा पाय तेवढा बाहेर आला होता. बाकी स्टुलाचा कागद झाला होता.

ते स्टूल वस्तादांचं. वस्ताद म्हणजे इथले सगळ्यात जुने फिटर. जेवण झाल्यावर आत बसून साचा पुसायचा म्हणून त्यांनी स्टूल आधीच आत सरकवून ठेवलं होतं. लोखंडी टेकू लावायचे आणि बसायचं, एवढंच बाकी होतं.

“टेकू लावतानाच आलं असतं तर...” कुणीतरी बोललं आणि तिथेच थांबलं.

मोठे साहेब धावत आले. स्टुलाचा पाय बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लालबुंद झाला.

“हे आपोआप होत नाही. हे कुणीतरी खाली उतरवलंय.” ते थेट ऑपरेटरकडे वळले. “सकाळी साडेदहाला थोरली बंद करा म्हणून माझ्यापुढे हटून बसला होतास ना? मी नाही म्हटलं. आणि तीन तासांत थोरली बंद! वा रे वा!”

“साहेब, मी हात नाही लावला,” ऑपरेटर म्हणाला. डावा हात खिशात, मान खाली.

“ते पोलिसांना सांग. पाचला येतायत. माणूस मारायचा प्रयत्न म्हणतात याला!”

 हा ऑपरेटर म्हणजे हजेरीमास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

२

“पोलीस येऊ देत. पण त्यांच्याआधी बाईंना बोलवा,” वस्ताद म्हणाले.

बाई पावणेतीनला स्कूटरवरून आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्याठुसक्या, अंगात खाकी कोट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि खिशात हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. गावोगावच्या कारखान्यांतून आजारी यंत्रांची दुखणी शोधणं हा त्यांचा धंदा. लोक त्यांना नाडीवाल्या बाई म्हणत. कधीकाळी त्या वस्तादांच्याच हाताखाली शिकल्या होत्या.

“यांच्याबरोबर मास्तर फिरतील,” साहेब म्हणाले. “भाऊ असला तरी चालेल. मास्तरांच्या रजिस्टरात बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. जे दिसेल तेच लिहितील.”

हे कौतुक मास्तरांना त्या दिवशी फार जड गेलं.

बाईंनी आधी कुणाला काही विचारलंच नाही. थोरलीभोवती एक सावकाश फेरी मारली, हात मागे बांधून. मग खाली बसून एका छोट्या चाकाकडे बोट दाखवलं. “पंप बंद असताना डोकं हाताने उतरवायचं असेल तर हे फिरवायचं. बरोबर?”

“बरोबर,” साहेब म्हणाले. “तेच फिरवलं असणार त्याने.”

“याला शिशाचं सील आहे. जसंच्या तसं.”

“नवीन लावलं असेल!”

“असेल बुवा.” बाई वाद घालत बसल्या नाहीत. तेलाच्या टाकीजवळ गेल्या, काचेपुढे चष्मा चढवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. टाकीवर दोन रेघा कोरल्या होत्या. डोकं वर असताना तेल कुठवर हवं त्याची एक, खाली असताना कुठवर हवं त्याची दुसरी.

“मास्तर, लिहा. डोकं खाली आहे आणि तेल त्यासाठीच्या रेघेपेक्षा चार बोटं कमी आहे. सकाळी किती होतं?”

“रेघेला रेघ,” वस्ताद म्हणाले. “आठ वाजता मी स्वतः बघितलंय.”

बाई उठल्या. “साहेब, हे चाक कुणी फिरवलं असतं तर सिलिंडरमधलं तेल टाकीत परत आलं असतं. थेंबभर कमी झालं नसतं. इथे चाळीसेक लिटर कमी आहे. म्हणजे डोकं कुणी उतरवलेलं नाही. तेल बाहेर पडलं म्हणून ते उतरलं.”

मास्तरांच्या छातीवरचा दगड हलला. तोवर साहेबांनी पाय आपटून दाखवला. “बाहेर म्हणजे कुठे? ही जमीन बघा! चाळीस लिटर तेल सांडलं तर इथे तळं व्हायला हवं!”

जमीन कोरडी ठणठणीत होती. यंत्राखालचा खड्डाही कोरडा. मास्तरांनी वाकून बोट फिरवलं तर बोटाला नुसती धूळ लागली.

“तेल नाहीसं होत नाही,” बाई स्वतःशीच पुटपुटल्या. “ते कुठेतरी आहे.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

३

मास्तरांच्या गेटजवळच्या खोलीत एकेकाला बोलावलं.

आधी स्टोअरवाला. तो आला तोच नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा. “माझ्या मालाला नावं ठेवू नका! थोरलीला अकरा होज आहेत, तेलाच्या जाड रबरी नळ्या, आत तारेची जाळी. दोन वर्षांमागे सगळ्या नव्या दिल्यात. वस्ताद मला रोज शिव्या घालतात, म्हणून मी काय त्यांच्या डोक्यावर चाळीस टन टाकीन?”

“रोज घालतात?” बाईंनी विचारलं.

“रविवारी नाही घालत. सुट्टी असते.”

मग वस्ताद. खुर्चीत बसताना त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. त्याला दोनच बोटं आणि अंगठा. बाकीची दोन थोरलीने घेतली असं अख्खा कारखाना सांगे, आणि वस्ताद त्यावर कधीच काही बोलत नसत.

“तुमचं आणि ऑपरेटरचं भांडण?”

“छे! गुणी पोरगं आहे. यंत्राशी बोलतो तो. पण सकाळपासून जरा घुम्यासारखा होता खरा.”

“आणि ती पाटी?”

प्रेसशॉपच्या खांबावर एक पाटी होती, वस्तादांनी स्वतः रंगवलेली. मास्तरांना ती पाठ होती. ‘गळती पुठ्ठ्याने शोधा. होजवर हात फिरवणारा त्याच दिवशी घरी.’

“ती राहू दे तशीच,” वस्ताद एवढंच म्हणाले. आजवर तिघांना त्या पाटीपायी घरी जावं लागलं होतं.

झाडूवाली मावशी आली ती कंबर धरूनच. “मी एक वाजता झाडलं. डोकं का फिकं, मी वर बघतच नाही, मला भीती वाटते त्या मेलीची. सांडलेलं टिपायला भुसा टाकावा म्हणून भिंतीजवळचं पोतं उचलायला गेले, तर उसण भरली! भुसा भरलाय का दगड? तेवढं साहेबांना सांगा.”

साहेब दारातच होते. “मावशी, इथे खुनाची गोष्ट चाललीय आणि तुम्ही कंबर काय घेऊन बसलात!”

मास्तरांनीही ते लिहून घेतलं नाही. बाईंनी मात्र मावशींना खुर्ची दिली.

मग साहेबांनीच सकाळची हकीकत सांगितली. “साडेदहाला आला. म्हणाला, थोरलीची मागची तिसरी होज गेलीय असं वाटतं, बंद करा. मी जाऊन बघितलं. होज कोरडी, थोरली धडधाकट चाललेली. विचारलं, तुला कशावरून वाटतं? तर मूग गिळून गप्प! आता नुसतं वाटतं म्हणून का मी यंत्र बंद करू?”

शेवटी धाकटा. मास्तरांनी त्याच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली.

“दादा, जरा झाकण उघडून दे ना,” तो हळूच म्हणाला.

मास्तरांना भडभडून आलं. भीतीने पोराच्या हातात बळ उरलं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी झाकण उघडून दिलं.

“तिसरीच होज कशावरून?” बाईंनी विचारलं.

“वाटलं.”

“अकरांमधली तिसरीच?”

धाकट्याच्या कपाळावर घाम होता. 

“अरे बोल की!” मास्तर ओरडले. “पाचला पोलीस येतायत! खरं काय ते सांगून टाक, दादा आहे ना मी!”

धाकट्याने एकदा भावाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मास्तरांना कळलं नाही. तो म्हणाला, “मी थोरलीला उतरवलं नाही, दादा. तुझी शपथ. यापुढे मला नको विचारू.”

४

साडेतीन. बाई तडक प्रेसशॉपमध्ये गेल्या, त्या थोरलीकडे नाही, तर तिच्या मागे भिंतीला लागून रचलेल्या भुशाच्या पोत्यांकडे. वाटेवरून दिसणारी पोत्यांची बाजू कोरडी होती. बाईंनी वरचं पोतं दोन्ही हातांनी वाटेकडे ओढलं. ते हललंच नाही.

दोन कामगारांनी मिळून ओढलं. त्याची थोरलीकडची बाजू उघडी पडली आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. गोणपाट काळंकुट्ट झालं होतं. मध्यावर एक नीट गोल भोक, आणि आतला भुसा तेलाने गच्च. त्याच्या खालचं पोतंही तसंच, त्याच्या बाजूचंही.

“हे तुमचं तळं,” बाई साहेबांना म्हणाल्या. “भुसा तेल प्यायलाच ठेवलाय ना? तो प्यायला. मावशी, तुमच्या कंबरेचे उपकार झाले.”

“मी सांगत होते!” मावशी म्हणाल्या.

“पण आलं कुठून?” साहेब म्हणाले. “पोत्यापासून थोरली आठ फुटांवर आहे. आणि सगळ्या होज कोरड्या दिसतायत.”

“आता डोकं साच्यावर टेकलंय, म्हणून होजमध्ये जोरच नाही. जोर आला की बघू.”

बाईंनी साच्याच्या कडेने डोक्याखाली चार आखूड टेकू लावून घेतले. सगळ्यांना पिवळ्या रेघेमागे नेलं. साहेबांनी ऑपरेटरकडून काढून घेतलेली चावी वस्तादांनी लावली, पंप सुरू झाला, आणि चाळीस टनांचं ते डोकं एखाद्याने झोपेतून मान उचलावी तसं सावकाश वर आलं. टेकूंच्या वर वीतभर. पंप बंद केला. 

मग बाई खांबाकडे गेल्या. पाटीखाली खिळ्याला पुठ्ठ्याच्या तुकड्यांची एक चळत टांगलेली होती. सुतळीची गाठ धुळीने माखलेली. बाईंना ती सुटेना, तेव्हा त्यांनी कात्रीने कापली. कोरा पुठ्ठा एका लांब काठीच्या टोकाला बांधला आणि दुरून तो थोरलीच्या मागच्या होजवरून, जराशा अंतराने, हळूहळू खाली आणायला लागल्या.

पहिली होज. काही नाही. दुसरी. काही नाही.

तिसरीपाशी, छातीच्या उंचीवर, पुठ्ठा थरथरला. आणि मास्तरांच्या देखत त्याच्यात एक चीर पडली. कुणी हात लावला नव्हता. हवेत काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बारीकसा फुस्स असा आवाज, आणि जाड पुठ्ठा आपला कापला जातोय, ब्लेडने कापावा तसा सरळ!

“अरे देवा!” मास्तर म्हणाले.  बावीस वर्षं ज्याच्यावर विश्वास बसला नव्हता ते आज डोळ्यांसमोर उभं होतं. चाळीस टनांचं सगळं वजन त्या तेलावर बसलेलं, आणि तेलाला बाहेर पडायला सुईच्या टोकाएवढी वाट. त्या वाटेने ते असं सुटलं होतं की डोळ्याला दिसायलाही थांबत नव्हतं. मास्तरांना भीती वाटली आणि त्याच वेळी हात जोडावेसेही वाटले.

डोकं हळूहळू पुन्हा टेकूंवर येऊन बसलं. फुस्स थांबलं. बाई मात्र पुठ्ठ्याकडे बघत नव्हत्या. त्या ते भोक जमिनीपासून किती उंचीवर आहे ते बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

५

“म्हणजे त्याने होजला टोचा मारला!” साहेब म्हणाले. “म्हणून तर तिसरी होज ठाऊक होती!”

“साहेब, जवळ येऊन बघा. ही होज या लोखंडी पट्टीला घासते आहे. रबर झिजून तारा चकचकीत झाल्यात. हे एका सकाळचं काम नाही, दोन वर्षांचं आहे. सकाळी भोक अगदी बारीक असणार, पंप चालू होता म्हणून डोकं सावरलं जात होतं. एक वाजता पंप बंद झाला, भोक रुंदावलं, डोकं खाली आलं. यात कुणाचाही हात नाही.”

 मास्तर उलट्या बादलीवर बसले. सुटलं पोरगं! त्यांना वाटलं आत्ता जाऊन धाकट्याला मिठी मारावी.

“झालं तर मग,” साहेब जरा ओशाळून म्हणाले. “पोलिसांना नको म्हणून सांगतो.”

“झालं नाही.” बाईंचा आवाज बदलला होता. “त्याला साडेदहाला कसं कळलं? तुम्ही स्वतः बघितलंत, तुम्हाला होज कोरडी दिसली. हे तेल डोळ्याला दिसत नाही. अकरांमधली नेमकी तिसरी होज ओळखायचे दोनच मार्ग. एक पुठ्ठा.” त्यांनी कापलेली सुतळी दाखवली. “ही गाठ किती महिन्यांत कुणी सोडलेली नाही, तुम्हीच बघा. मग दुसरा कोणता राहिला?”

 वस्तादांनी डावा हात उजव्या हाताने झाकला.

“मास्तर, तुमचं रजिस्टर. सकाळी नऊ ते साडेदहा, ऑपरेटर शॉपमधून बाहेर गेला होता?”

मास्तरांनी पानं उलटली. स्वतःचं वळणदार अक्षर त्यांना दिसलं आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. “दहा वाजून बारा मिनिटं. ऑपरेटर, थोरली. फर्स्टएड रूम. कारण, डाव्या हाताच्या बोटात लाकडाचं कुसळ. दहा वीसला परत.”

“लाकडाचं कुसळ.” बाईंनी चारी बाजूंना नजर फिरवली. “मास्तर, या शॉपमध्ये मला पोलाद दिसतं, रबर दिसतं, तेल दिसतं. भुसा आहे, पण भुशाचं कुसळ होत नाही. इथे लाकूड कुठे आहे?”

मास्तरांनीही पाहिलं. कुठेच नव्हतं.

खिशातला तो डावा हात त्यांना आठवला. दादा, जरा झाकण उघडून दे ना.

“भाऊ कुठे आहे तुमचा?” बाई जवळजवळ ओरडल्याच. “गाडी काढा साहेब, आत्ताच्या आत्ता! किती वाजले?”

“चार वाजून दोन मिनिटं,” मास्तर म्हणाले आणि धावले. बावीस वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

६

धाकट्याने हात खिशातून काढायला आधी नकार दिला. मास्तरांनी तो ओढूनच काढला. तर्जनीच्या पेरावर मोहरीएवढा एक ठिपका. बस्स, तेवढंच. पण बोट पांढरंफटक पडून फुगलं होतं, तळवा टणक झाला होता.

“सकाळी मुंगी चावल्यासारखं झालं फक्त,” धाकटा रडवेला होऊन म्हणाला. “दुखतही नव्हतं. दुपारपासून ठणका लागलाय. दादा, ती पाटी! मी होजवर हात फिरवला म्हटलं असतं तर आजच्या आज घरी गेलो असतो.”

“आणि पोलीस घेऊन गेले असते ते?”

“ते खोटं होतं. कधीतरी कळलंच असतं. हे खरं होतं ना.”

 मास्तरांनी त्याला खांद्याला धरून गाडीत बसवलं. साहेबांनी स्वतः गाडी चालवली, बाई आणि वस्ताद मागे.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने ठिपका बघितला आणि कागद ओढला. “एवढंसंच तर टोचलंय. इंजेक्शन देतो, गोळ्या देतो. उद्या या.”

“डॉक्टर, आत तेल गेलंय,” बाई म्हणाल्या. “जोराने. मोठ्या सर्जनना बोलवा.”

“अहो बाई, एवढ्याशा भोकातून किती तेल जाणार?”

तेव्हा वस्ताद पुढे झाले. त्यांनी आपला डावा हात डॉक्टरच्या टेबलावर, कागदावर ठेवला. दोन बोटं आणि अंगठा.

“याचंही भोक एवढंसंच होतं,” ते म्हणाले. “मीही कुसळच म्हणालो होतो. लाजेपायी. रात्री झोपलो आणि सकाळी हात कोपरापर्यंत काळा. बोटं थोरलीने नाही घेतली, डॉक्टर. माझ्या गप्प बसण्याने घेतली.”

 डॉक्टरने त्या हाताकडे पाहिलं, मग फोन उचलला.

सर्जनबाई आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “टोचलं किती वाजता? अंदाजे नको, नक्की सांगा. त्यावर सगळं अवलंबून आहे.”

“दहा वाजून बारा मिनिटांच्या आधी,” मास्तर म्हणाले. “फार तर पाच मिनिटं आधी. माझ्या रजिस्टरात आहे.”

सर्जनबाईंनी घड्याळ पाहिलं. “सहा तास,” त्या म्हणाल्या आणि धाकट्याला आत घेऊन गेल्या.

७

बाहेरच्या बाकावर चौघं बसले. साहेबांचा पोलिसांना फोन करून झाला होता. बुटांकडे बघत ते म्हणाले,

“बाई, होज फुटते, मान्य आहे. पण एक होज फुटली म्हणून डोकं खाली यायलाच नको ना? ते अडवायला व्हॉल्व्ह असतो.”

“असतो. कुलूपच असतं ते. थोरली बनवणाऱ्यांनी ते वर, सिलिंडरला चिकटून लावलं होतं. तसं असतं तर अकराच्या अकरा होज फुटल्या असत्या तरी डोकं जागचं हललं नसतं. तुमच्याकडे ते खाली आहे, माणसाच्या हाताला येईल असं. सिलिंडर वर, कुलूप खाली, मध्ये ही तिसरी होज. दोन वर्षांपूर्वी ते कुणी खाली आणलं?”

“मी आणलं,” वस्ताद म्हणाले.

“मी आणायला लावलं,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली कधी गेला नव्हता. “दर वेळी शिडी लावून वर चढण्यात वेळ जायचा. वस्ताद नको म्हणत होते.”

मास्तर ऐकत होते. दुपारभर ज्या गुन्हेगाराला शोधत फिरलो तो शिडीवर चढायचा कंटाळा निघाला, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आणि त्याहून एक गोष्ट त्यांना आतून खात होती. ते कुसळ त्यांनी स्वतः लिहिलं होतं. सख्खा भाऊ समोर उभा होता, बोट धरून. त्यांनी मिनिट बरोबर लिहिलं आणि वर मान करून पोराच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

सहाच्या सुमाराला सर्जनबाई बाहेर आल्या. चौघंही उठून उभे राहिले.

“मनगटापर्यंत तेल पोचलं होतं,” त्या म्हणाल्या. “एवढ्याशा ठिपक्यातून! मी पंचवीस वर्षं हात उघडतेय, तरी दर वेळी थक्क होते. सगळं धुऊन काढलंय. अजून दोन-तीन वेळा उघडून बघावं लागेल. बोट राहील. उद्या सकाळी आणला असतात तर हात राहिला नसता.”

वस्ताद मटकन खाली बसले आणि धाय मोकलून रडायला लागले. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पंधरा दिवसांत थोरलीचं कुलूप पुन्हा वर, सिलिंडरला चिकटून बसलं. शिडी साहेबांनी स्वतः धरली. खांबावरची जुनी पाटी वस्तादांनी उतरवली आणि नवी रंगवली. ‘गळती पुठ्ठ्याने शोधा. चुकून टोचलंच तर त्याच मिनिटाला बोला. बोलणाऱ्याला कुणी घरी पाठवणार नाही.’ घरी पाठवलेल्या त्या तिघांचे पत्ते साहेबांनी मास्तरांकडून मागून घेतले.

धाकटा हाताला भलंमोठं बँडेज बांधून सगळ्यांना भेटायला आला. गेटवर मास्तरांनी नेहमीसारखं रजिस्टर उघडलं, पेन उचललं आणि ते तसंच धरून आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

“दुखतंय का रे?”

“थोडंसं, दादा.”

“थोडंसं म्हणजे किती?”

धाकटा हसला. मग म्हणाला, “बरंच दुखतंय.”

मास्तरांनी वेळ लिहिली. मग पानं मागे उलटत गेले, त्या दिवसावर थांबले. दहा वाजून बारा मिनिटं. त्यांनी ‘लाकडाचं कुसळ’ या शब्दांवर पट्टी न लावता एक आडवी रेघ मारली, आणि वर, आपल्या वळणदार अक्षरात, लिहिलं, ‘तेल’. बावीस वर्षांतली ती पहिली खाडाखोड होती. शाई वाळेपर्यंत मास्तर तिच्याकडे बघत बसले.